न वाचलेला उणे एक

मुलगी हिंजवडीच्या कंपनीत लागली तेव्हा तिच्या कामाची मला काळजी नव्हती, तिच्या गप्प बसण्याची होती. ते माझ्याकडूनच आलं आहे. बँकेत, सोसायटीच्या सभेत माझ्या वतीने आमचे हेच बोलतात. खडकीच्या फॅक्टरीत मशिनच्या आवाजात ओरडून बोलायची यांना सवय. "घरात दोन मुक्या आणि एक भोंगा," असं स्वतःच म्हणतात.

तिची कंपनी धान्याच्या गोदामांचे प्रोग्राम बनवते. पोत्यांची मोजदाद ठेवणारा भाग फार जुना, मोबाईलवरून ऑर्डर घेणारा नवीन. दोन्ही जोडल्यापासून विचित्र होऊ लागलं. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज जायचा, ट्रक गोदामाच्या दारात लागायचा आणि आत पोतीच नसायची. एरर मात्र कुठेच दिसत नव्हती. सगळे म्हणत होते, जुना भागच सडका आहे, काढून टाका.

त्या आठवड्यात ती घरून काम करत होती. दुपारी मी मेथी निवडत होते, तर समोर येऊन बसली.

"आई, सापडलं. जुना भाग खोटं बोलतच नाही गं."

"मग?"

"पोती नसली की तो उणे एक परत पाठवतो. पूर्वी तशीच पद्धत होती, विचारणाऱ्याने उत्तर तपासायचं. नव्यात तसं नाही. काही चुकलं की काम तिथेच थांबतं आणि वरच्याला हाक जाते. दोघांना जोडणाऱ्याने हाक ऐकायची सोय केली, उणे एक वाचलाच नाही. हाक आली नाही म्हणजे ऑर्डर पक्की!"

"जोडलं कुणी?"

ती मेथीची काडी मोडत राहिली. "सरांनी."

तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते याच सरांच्या हातात होतं.

"आणि तू नाही बोललीस तर?"

"जुना भाग लिहिणारे काका आता रिटायर होतायत. नाव खराब होऊन जातील."

आतून हे म्हणाले, "साहेबाची चूक चार लोकांत काढायची नसते. आधी कायम हो, मग काय बोलायचं ते बोल." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती. ती खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली, दार लोटलेलं. शिट्टी नको म्हणून मी कुकरखालचा गॅस बंद केला. यांनी न सांगता टीव्ही बंद केला.

बराच वेळ बाकीचेच इंग्रजीत बोलत होते. मला त्यातलं थोडंच कळतं. मग तिचा आवाज आला. "सर, एक दाखवायचंय."

"लाउडर प्लीज," कुणीतरी म्हणालं.

तिने पुन्हा सांगितलं. आवाज कापला, पण थांबली नाही. बोलता बोलता मराठीवर आली. "गोदामात नसलेला तांदूळ मी आता मागवते. हे बघा, जुन्या भागाने उणे एक दिलाय. आणि वर ऑर्डर पक्की. उत्तर येतंय सर, आपण वाचत नाही."

सर चुकले असं ती एकदाही म्हणाली नाही. 'आपण' म्हणाली. मी ओट्याशी उभी राहून हात पदराला पुसत राहिले, ओले नव्हते तरी. एवढा अभिमान मला कधी कशाचा वाटला नव्हता.

"हे मी लिहिलंय," सर म्हणाले.

"हो सर."

"मग आधी का नाही बोललीस?"

"कालच सापडलं. आणि... धीर होत नव्हता."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "उणे एक आला की काम थांबून वर एरर पाठवली जाईल असं कर. अशा बाकीच्या जागाही तूच शोध. जुना भाग राहू दे."

कायम करण्याबद्दल एक शब्द नाही.

ती बाहेर आली, तांब्याभर पाणी प्यायली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"आवाज कापत होता ना? कळलं असेल सगळ्यांना."

"कळू दे."

हे खुर्चीतून उठले. "आता कायम करतील का पण? काय वाटतं तुला? सर रागावलेत का?"

"माहीत नाही, बाबा."

"अगं, पण विचारायचं तरी—"

"तिला आधी जेवू द्या," मी म्हणाले, चांगलं मोठ्याने, आणि कुकर पुन्हा लावला.