रिकामं वर्तुळ

सूनबाई आता ज्या कारखान्यात इंजिनियर आहे, तिथल्या पाइपांचा नकाशा तिने फरशीवर पसरला आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. तिथल्या बॉयलरवर मी तीस वर्षं काढली, पण हा कागद कसा वाचायचा ते कधी कुणाला विचारलं नाही. चौथी शिकलो म्हणून काय झालं? मला पाइप पाठ होते.

"बाबा, पोटात रेघ असलेलं वर्तुळ म्हणजे कंट्रोल रूममधलं दाबाचं गेज. रिकामं वर्तुळ म्हणजे बाहेर पाइपावर बसवलेलं."

"म्हणजे माझंच की! मग त्यावर लाल पेन्सिलीची फुली कशाला?"

"ते काढून टाकायचं म्हणतात. आत आकडा दिसतोच ना. उद्या मला सही करायचीय."

दिसतो खरा. मुलगाही दुबईहून फोनवर विचारतो, बरं आहे ना? मी बरं म्हणतो. अंगात ताप आहे हे सूनबाईला कळतं, कारण ती कपाळाला हात लावते.

"बाहेरचा काटा अडकतो, बाबा."

"टिचकी मारली की सुटायचा. आणि तेवढ्यासाठी जवळ गेलं की पाइपाची थरथर कळायची. ती आत कुठे दिसते?"

बोलता बोलता माझं बोट सवयीने त्या वर्तुळावर गेलं. काचेवर मारायचो तशा दोन टिचक्या मी कागदावर मारल्या.

सूनबाई हसली नाही. लाल फुलीवर बोट ठेवून तिने खोडरबर मागितलं.