गणपती झाले की बघू

हे मी कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही, आणि तिच्यापासून माझी साधी सर्दी लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मोहनला ओळखत नाही म्हणून.

मोहन माझा धाकटा भाऊ. हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना आहे. साचे, माती, रंग हे घरातलं कुणीही करतं. पण डोळ्यांची आखणी एकटा मोहन करतो. मी एकदा हात चालवून बघितला, तर गिऱ्हाईक म्हणालं, बाप्पा कुणावर रागावलेत? तेव्हापासून मी गाड्या आणि गिऱ्हाइकं सांभाळतो. तोंड काय, माझं आधीपासूनच चालतं.

दोन-अडीच वर्षं मोहनला डिप्रेशन होतं. जेवायचा नाही, पोरीशी बोलायचा नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बदलल्या, वाढवल्या. शेवटी म्हणाले, याचा आजार गोळ्यांना दाद देत नाही. नाकात मारायचा एक स्प्रे असतो, तो दवाखान्यातच बसून घ्यावा लागतो, जवळपास कुठे देतात ते शोधा. मोहनची बायको सुमन माझ्याकडे आली. "भावोजी, तुमीच शोधा. तुमच्या ओळखी हायत."

शोधायला कितीसा वेळ लागला? रोह्याच्या एका गिऱ्हाइकाला फोन केला, त्याने लगेच दवाखाना सांगितला. रोहा — काय लांब आहे हो? तिथल्या बाईंनी फोनवर नीट समजावलं. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा यायचं, स्प्रे घेतल्यावर दोन तास तिथेच बसायचं, डोकं गरगरू शकतं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवा.

आषाढ चालू होता. कारखान्यात मूर्ती रांगेने उभ्या, सगळ्या डोळ्यांवाचून. आठवड्यातले दोन दिवस मोहन नाही — मी एवढंच ऐकलं. कारण मोहन कसाही असला तरी सकाळी उठवून मूर्तीपुढे बसवला की त्याचा हात चालायचा. हात चालतोय ना? मग माणूस बरा आहे, असं मी स्वतःला पटवलं. पटवलं कसलं — मला सगळं ठाऊक होतं.

सुमनला म्हणालो, "मुंबईशिवाय कुठं नाय गो. तिथं सारखं नेणार कोण? गणपती झाले की बघू."

तिने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

श्रावणात एका दुपारी मोहन कामावरून उठून गेला. धरमतरच्या जेट्टीवर सापडला — अगदी कडेला बसलेला, पाण्याकडे बघत. मी हाताला धरून उठवला. म्हणाला, "दादा, कंटाळा आलाय रे सगळ्याचा." आता तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. दुसऱ्या सकाळी मी त्याच्या हातात ब्रश दिला. हे सांगताना माझी मलाच किळस येते.

गणपती गेले, आणि मग मी रोह्याचा दवाखाना "शोधून काढला". प्रत्येक वेळी स्वतः गाडीने घेऊन गेलो, बाहेर बाकड्यावर बसलो. फरक हळूहळू पडला. एक दिवस जेवायला बसताना त्याने आपणहून माशाचं विचारलं, "आज जिताडा नाय आणलास?" सुमन आत जाऊन रडली. मी बाहेर बसून राहिलो. हेच आषाढात झालं असतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

आता मोहन ज्याला त्याला सांगतो, दादाने दवाखाना शोधला म्हणून मी हाय. पाडव्याला त्याने पोरीला पुढे केलं — "मोठ्या बाबांच्या पाया पड." पोर वाकली. तिच्यामागून सुमनही वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.