कमलमावशींचा अंगठा

चोरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांचे ठसेतज्ज्ञ घरी आले. त्यांनी कपाटाच्या दारावर ब्रशने काळी पूड फिरवली आणि कुणाकुणाची बोटं तिथे उगवून आली. त्यातली चोराची कुठली हे कळायला आधी घरच्यांचे ठसे घ्यावे लागतात. "घरात आणखी कोण येतं?" असं त्यांनी विचारल्याबरोबर मी भांडी घासायला येणाऱ्या कमलमावशींचं नाव सांगून टाकलं.

मावशींचा अंगठा शाईवर फिरवून कागदावर टेकवला, तर नुसता काळा डाग उमटला. हात धुऊन पुन्हा घेतला. पुन्हा डागच.

"मावशी, हात सैल सोडा."

"सोडलाय हो साहेब. रेशनच्या दुकानातलं मशीनपण माझा अंगठा घेत नाही. पण मी काही केलं नाही."

रेघा नसणं हाच जणू पुरावा होता. मावशींच्या तोंडाकडे बघायचं टाळून मी त्या डागाकडे बघत राहिलो. बोटांवरच्या रेघा म्हणे जन्मभर बदलत नाहीत. असं म्हणणाऱ्यांनी कधी भांडी घासली नसावीत.

साहेबांनी तो अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. "झिजल्यात रेघा. किती वर्षं करताय हे काम?"

"यांच्याकडेच बारा झाली."

मग माझी पाळी आली. माझा अंगठा पहिल्याच खेपेला, रेघ न रेघ, स्वच्छ उमटला.