वीणा अवतल गेली

त्या वर्षी माझं आणि देवाचं काही बरं चाललेलं नव्हतं. सांजेला दिवा लावायची, हात जोडायची आणि मनातल्या मनात भांडायची, ‘तुले दिसून राह्यलं नं सगळं? मंग गप काऊन बसला?’ आमचे हे म्हणतात, तुझं तोंड म्हणजे ओली मिरची, देवालाही सोडत नाही. खरंच आहे ते. पण माणूस रागावतो तेही ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरच ना?

भांडण कशाचं होतं ते सांगते. शांता माझी पाठची बहीण. आम्ही दोघी वांकिडीकडच्या, आणि दोघींना याच गावात दिलं. मी वरल्या गल्लीत, ती खालच्या. आमचं आणि त्यांचं शेत लागूनच, मधून पांदण जाते. पांदण म्हणजे शेताकडे जायची गाडीवाट. शांताच्या नवऱ्यानं, गणपतरावांनी, एक दिवस त्या वाटेवर बोराटीच्या काट्या टाकल्या. म्हणे, वाट आमच्या जमिनीत येते. मग आमच्या यजमानांनीही रागात त्यांच्या पाण्याच्या पाइपावरून ट्रॅक्टर घातला. एकानं गाय मारली म्हणून दुसऱ्यानं वासरू मारलं, अशातली गत! कचेरीत दरख्वास्ती-अर्ज झाले, सुनावणीला पेशीच्या तारखा पडल्या, मोजणीवाले येऊन गेले. प्रत्येक वेळी भांडण वाढूनच घरी आलं. हळूहळू दोन्ही गल्ल्या आपापल्या माणसांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पाण्याच्या टाकीवर शांता समोर आली की मी पदर सारखा करायची, ती बादलीत बघायची.

अशात तिच्या लेकीचं, दीपाचं लग्न ठरलं. त्या पोरीला मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय. शांताला बाळंतपणात ताप आला तेव्हा महिनाभर दीपा माझ्याच कुशीत झोपली. पत्रिका गावभर वाटल्या गेल्या. आमच्या दारावरून गेली पत्रिका, दारात आली नाही. त्या दिवशी मी देवाला सरळच म्हटलं, माझ्या पोरीला माझ्या हातची हळद लागणार नसेल, तर तुझ्या दिव्याला तेल तरी कशाला घालू?

कापूस वेचायच्या दिवसांत आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. त्या साली पुरुषांनी हात वर केले. एका मंडपात दोन्ही गल्ल्या आल्या तर डोकी फुटतील, म्हणाले, यंदा राहू द्या. तेव्हा आमच्या संगमच्या बायका, म्हणजे बचत गटाच्या, शाळेच्या व्हरांड्यात जमल्या. शाळेतल्या सुजाताबाई आमच्यातच असतात. त्या बौद्ध, सप्ताहाशी त्यांचा काही संबंध नाही. पण त्याच बोलल्या, “देव तुमचा तुमी पाहा बाप्पा, पन गाव तं सगळ्यायचं हाय नं?” कुणी अध्यक्ष नाही, कुणी हुकूम सोडला नाही, एकेक बाई आपापलं बोलत गेली आणि त्यातूनच ठरलं. चूल एका दिवशी वरल्या गल्लीची, एका दिवशी खालच्या गल्लीची. पहाऱ्याला, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन, बायकाही उभ्या राहतील. आणि देवळात जी पांदणीचं नाव काढील, तिनं त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. पहिल्याच दिवशी भांडी कुणी घासली असतील ते सांगायला नको. मीच! पण राखेनं हात काळे करताना खालच्या गल्लीतली एक म्हातारी येऊन बसली आणि कढई घासू लागली, हेही सांगायला हवं.

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा बघायचा नाही. आम्ही मात्र दोन्ही गल्ल्यांनी सोयीची वाट काढली होती. वीणा आपल्या गल्लीतल्या बाईलाच द्यायची आणि गल्ली बदलायची वेळ आली की पुजारीबुवांच्या हातून बदलायची. म्हणजे देवाचंही राहिलं आणि आपलंही नाक राहिलं.

एका दुपारी पहाऱ्यावर माझी सून उभी होती. लावण्या मंचेरियलची, घरी तेलुगू बोलणारी. मराठी शिकत होती, पण अजून अडखळायची. तिच्यानंतर जिची पाळी होती ती वेचणीहून परतलीच नव्हती आणि पुजारीबुवा जेवायला गेले होते. मी देवळामागे पिठल्याच्या पातेल्याशी, धुरानं डोळे चोळत. खिडकीतून तिनं विचारलं, “अत्तम्मा, वीणा कोणाला देऊ?” तिच्या भाषेत सासूला अत्तम्मा म्हणतात. खाली पिठलं लागत होतं. मी खेकसले, “आवडंल त्याले दे वो माय! मले काय इचारतं?”

हात पुसत पुढं आले, तर वीणा शांताच्या गळ्यात! लावण्या बाजूला उभी, घाबरलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “हे काय केलं तू?” मी दातओठ खात विचारलं. ती बारीक आवाजात म्हणाली, “तुम्हीच म्हणाल्या ना, अवतल दे.”

तेलुगूत अवतल म्हणजे पलीकडे, त्या बाजूला. टाळ आणि भोंग्याच्या आवाजात माझं ‘आवडंल’ तिला ‘अवतल’ ऐकू आलं होतं. बिचारीनं मंडपातली दोन्ही गल्ल्यांच्या मधली मोकळी जागा ओलांडली आणि वीणा पलीकडे पुढंच बसलेल्या शांताला नेऊन दिली.

मी तिथंच उभी राहिले. शांता डोळे मिटून पावलं टाकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिला वाटलं होतं, ताईनंच सुनेच्या हातून वीणा धाडली. खरं काय ते ओरडून सांगायला जीभ वळवळली होती माझी, पण त्या क्षणी कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तशी ती गप्प झाली. मला गप्प करणं सोपं नाही, हे गाव जाणतं.

तिचा पहारा सरला. खालच्या गल्लीतल्या बाया हात पुढं करून उभ्या होत्या, तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. सरळ माझ्यासमोर आली. वीणेचा पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि वाकली. मीही वाकले. मी थोरली, इतके महिने हिनं आधी वाकावं म्हणून अडून बसलेली. आता कोण आधी वाकलं ते कळलंच नाही, कारण दोघींची डोकी एकमेकींवर टणकन आदळली. “माय वो!” ती म्हणाली आणि रडता रडता हसली. मला तर हुंदकाच आवरेना. कसली लाज धरायची, सांगा?

मग बायकांनी तोच नेम करून टाकला. वीणा पलीकडेच द्यायची. लावण्याचा शब्दही उचलला, पाळी संपत आली की कुणीतरी म्हणायची, “अवतल वो, अवतल!” पुरुषांनाही तो नेम पाळावा लागला, कारण मोडला तर चूल बंद, असं बायकांनी बजावलं होतं. रोज कुणी ना कुणी ज्याचं तोंड पाहत नव्हता त्याच्या पाया पडत होता. मी ते बघायची आणि कौतुकानं ऊर भरून यायचा. जे पेशीला झालं नाही, मोजणीला झालं नाही, ते या चूल-भांड्यांतल्या बायांनी विनाबोभाटा करून दाखवलं होतं.

काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी दिंडी पांदणीनं न्यायची, हेही बायकांनीच ठरवलं. पुढं गणपतराव, गळ्यात वीणा. काट्यांपाशी दिंडी थांबली. टाळ वाजत राहिले, पण कुणी पुढं होईना, कुणी मागंही फिरेना. काट्या काढायच्या तर हात मोकळे हवेत आणि वीणा खाली ठेवता येत नाही. गणपतरावांनी मागं वळून पाहिलं, वीणा काढली आणि आमच्या यजमानांच्या गळ्यात घातली. दोघांचे गुडघे दुखरे, पण दोघंही वाकले. मग गणपतरावांनी स्वतः टाकलेल्या काट्या स्वतःच्या हातांनी ओढून काढल्या. हाताला रक्त आलं तरी दुसऱ्या कुणाला शिवू दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमचे हे नवीन पाइप घेऊन त्यांच्या शेतात गेले.

दीपाच्या हळदीला शांता स्वतः मला न्यायला आली. पोरीच्या गालाला मी माझ्या हातानं हळद लावली. सगळं आटोपल्यावर मात्र मला राहवलं नाही. शांताला आत नेऊन सांगितलं, “शांते, खोटं नाई बोलत. त्या दिवशी वीणा म्या नव्हती धाडली. मी तं पिठल्यावर चिडली होती.” आणि सगळी हकिकत सांगितली.

ती हळूच म्हणाली, “तू नाई धाडली, लावण्यानं आपल्या मनानं नाई आनली. मंग कोनं धाडली वो ताई?”

एरवी माझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार असतात. त्या वेळी मी नुसते हात जोडले. तेव्हापासून देवाकडे काही मागताना, कसं द्यायचं ते मी त्याला शिकवत नाही.