अलेक्झांड्रियाची भरती

मला पाहायला पेणहून आलेले मुलीचे वडील आमच्या घरी न येता थेट पनवेलच्या वाचनालयात येऊन बसले. त्या संध्याकाळी तिथे 'प्राचीन अलेक्झांड्रिया' या विषयावर माझे व्याख्यान होते. मुलगी मला मनापासून आवडली होती आणि तिचे वडील भूगोलाचे मास्तर. म्हणजे माझे लग्न आता इजिप्तच्या हातात.

मी दीपगृह उभारले, ग्रंथालय पोथ्यांनी भरले आणि रंगात येऊन म्हणालो, "धान्याने भरलेली जहाजे भरतीची वाट पाहत बंदरात थांबत." आमच्या खाडीत भरतीशिवाय होडी हलत नाही, त्यामुळे सगळ्या सभेने माना डोलावल्या.

व्याख्यान संपल्यावर मास्तर जवळ आले. "भूमध्य समुद्राला भरती येते ती जेमतेम वीतभर. तुमची जहाजं उगाच ताटकळली, जावईबापू."

"चुकलंच माझं," मी घाम पुसत म्हणालो. मग शेवटचा शब्द डोक्यात शिरला. "जावईबापू?"

"हल्लीची मुलं नोकरीसाठी कुठे नागपूरला नाहीतर दिल्लीला जातात. पोरगी लांब पडेल म्हणून आमच्या घरी धास्ती होती. तुम्ही तर इजिप्तला जाऊनही पनवेलची खाडी सोडली नाहीत. सांगतो घरी, हा गृहस्थ कुठे जायचा नाही."