सहाच्या बॅचमधला आवाज

राहुरीत बायकांसाठी वेगळी बॅच असलेली जिम निघाली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात नाव घातलं. गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले होते, नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला. सकाळी सहा ते सात जिम, मग घरी येऊन डबा, मग नोकरी. कृषी विद्यापीठात मी बियाणं तपासायच्या खोलीत काम करते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि काही दिवसांनी त्यातले किती उगवले ते मोजायचं.

तेव्हा मोजणीत माझ्या चुका होत होत्या. आदल्या वर्षी भाचीच्या लग्नात मी वरातीपुढच्या डीजेच्या गाडीशेजारी तासभर उभी होते. त्या दिवसापासून डाव्या कानात एक बारीक शीळ वाजते. ती थांबत नाही. सदुसष्ट, अडुसष्ट म्हणता म्हणता मन त्या शिळेकडे जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. घरी पंखा लावला तरी शीळ, बंद केला तरी शीळ. एका जागी बसवत नव्हतं. कुणी सहज बोललं तरी मी खेकसायची.

जिममध्ये गाणी लागायची ती भिंतीला हात लावला तर हाताला कळावीत इतकी मोठ्यानं. मी आठवडाभर सोसलं आणि मग जिम चालवणाऱ्या मुलीला म्हटलं, जरा आवाज कमी कर. कबड्डी खेळून आलेली, मोकळ्या स्वभावाची पोरगी. तिनं लगेच कमी केला.

"ए पोरी, आवाज का पाडला?" मागून कुणीतरी ओरडलं.

त्या गिरणीवाल्या काकू होत्या. स्टँडच्या मागच्या आळीत त्यांची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून वीसेक वर्षं त्या एकट्याच चालवतात. पंचावन्नच्या पुढच्या, पण सगळ्या बॅचमध्ये जास्त वजन त्याच उचलायच्या.

"काकू, मला त्रास होतो हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंही नाही. "वाढव गं. गाण्याबिगर अंग हालत न्हाई."

तिथून सुरुवात झाली. मी कमी करायला लावायची, त्या वाढवायला लावायच्या. एकदा मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "काकू, इथं तुम्ही एकट्या नाही आहात."

"मॅडम, तुमाला शांत पायजे तर देवळात जावा की," त्या म्हणाल्या, आणि दोघी-तिघी हसल्या.

तो दिवसभर मी धुमसत होते. दाण्यांचे दोन कागद चुकले. रात्री एक अर्ज लिहिला आणि पुढच्या चार दिवसांत त्यावर नऊ जणींच्या सह्या घेतल्या. निम्म्या जणींना आवाजाचं काही नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी सही केली असावी. अर्ज वाचून जिमवाली मुलगी गोंधळली. म्हणाली, "ताई, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." दुसऱ्या दिवसापासून गाणी अगदी हळू झाली.

मी जिंकले होते आणि तरी चैन नव्हतं. कारण काकूंचं सगळं बिघडायला लागलं. मुलगी बारापर्यंत मोजून थांबायला सांगायची, काकू आपल्या चालूच. कधी सातवरच थांबायच्या आणि इकडं तिकडं बघायच्या. मला वाटलं, मुद्दाम करतात. मला दाखवायला.

मग तो मंगळवार. शेजारी एक जण बारला वजनाची चकती लावत होती. चकती अडवणारी क्लिप नीट बसली नव्हती आणि चकती सरकायला लागली. काकू पाठमोऱ्या, तिच्या अगदी जवळ. मुलगी ओरडली, "काकू, सरका! काकू!" मीही ओरडले. सगळ्या थबकल्या आणि काकू मात्र शांतपणे केस बांधत उभ्या. चकती त्यांच्या पावलावर पडली.

माझी स्कूटी खालीच होती. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर मास्क लावून पायाकडं बघत विचारत होते, "शुगर आहे का?"

"पाचची चकती व्हती," काकू म्हणाल्या.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"व्हय, दुखतंय ना, लई दुखतंय."

डॉक्टरांना वाटलं, बाई घाबरल्यात. मी मात्र त्यांच्याकडं बघतच राहिले. अंगठ्याचं हाड मोडलं होतं. पट्टीसाठी नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो. मी त्यांच्या समोर आले, त्यांना माझे ओठ दिसतील असं, आणि विचारलं, "काकू, तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं. "येतंय थोडं थोडं. गिरणीनं खाल्लं."

"सांगितलं का नाही कुणाला?"

"एकदा सांगितलं की माणसं बोलायची बंद व्हत्यात, मॅडम. माझ्या सासूचं बघितलंय मी. घरात बसून होती, पर कुणी तिला काय विचारत नव्हतं." मग म्हणाल्या, "तिथं गाणं जोरात असलं की पायातून कळतं. ठोक्यावर मोजते मी. त्या पोरीचा आवाज कुठं ऐकू येतोय. आन् सगळ्यांनाच ऐकू येत नसतं तवा. समद्या सारख्याच."

कुणाला सांगू नका, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

आता माझी पंचाईत झाली. अर्ज मागं घेते म्हटलं तर सह्या करणाऱ्या विचारणार, का? मी म्हटलं, मला आता त्रास होत नाही. तोंडावर खोटं बोलले. एक जण सगळ्यांदेखत म्हणाली, "आम्हाला भांडायला लावलं आणि आता स्वतः पलटली." गाणी पुन्हा मोठ्यानं लागायला लागली आणि मी कानात कापसाचे बोळे घालून त्या आवाजात उभी राहायची. शीळ वाढत होती. काकू तीन आठवडे आल्या नाहीत आणि मी रोज दाराकडं बघत होते.

शेवटी मी गिरणीवर गेले. पट्टा धडधडत होता. बोटानं कान दाखवून मोठ्यानं सांगितलं, "मला नगरला कानाच्या डॉक्टरकडं जायचंय. एकटीला भीती वाटते. येता?" ते पूर्ण खोटं नव्हतं.

तिथं आधी माझी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, शीळ पूर्ण जाईल असं नाही, सवय करून घ्या आणि मोठ्या आवाजापासून लांब राहा. मग मी काकूंना म्हटलं, आलाच आहात तर बसा. काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून त्या बसल्या. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं होतं. बराच वेळ त्यांचा अंगठा बटणावर तसाच होता. त्यांनी काचेतून माझ्याकडं बघितलं आणि मी मान खाली घातली. नाहीतर उत्तर सांगितल्यासारखं झालं असतं.

महिन्याभरानं त्यांनी कानाचं मशीन घेतलं. मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं. जिममध्ये आल्या त्या दिवशी पदर मागं सारून सगळ्यांना कान दाखवला. गाणी लागली आणि दोन मिनिटांत त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं. "हे लावून हितं न्हाई जमायचं. डोकं फुटतंय. वाढव गं पोरी, आता मला ऐकू येत न्हाई."

सगळ्या हसल्या. मी हसू शकले नाही. त्यांना मोठा आवाज हवाच होता आणि मला तो झेपत नव्हता. कारण कळलं म्हणून माझा कान बरा झाला नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं, थोडं चिडूनच. काकू ओठांकडं बघत ऐकत होत्या.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार मोठा आवाज असतो. बाकीच्या दिवशी गाणी बंद. बंदच्या दिवशीही वजनांच्या खणखणाटानं काकूंचं मशीन डबीतच राहतं, म्हणून मी त्यांच्या समोर उभी राहते आणि बोटांवर मोजते. माझं मोजणं मध्येच हुकतं, मग त्या वजन हातात धरून वैतागतात, "मॅडम, नऊ झाले का धा? नीट सांगा!"