चढावर लागणारा दिवा

माझ्या डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. कुणी विचारलं तर इंजिनाजवळ जन्म गेला म्हणून सांगतो. खरं म्हणजे तो कान एका गावानं फोडला, आणि तोही ट्रकच्या एका लाल दिव्यापायी.

त्या दुष्काळात मी साखर कारखान्याचा पाण्याचा टँकर चालवत होतो. गाळायला ऊसच नव्हता, म्हणून कारखान्यानं एका जुन्या ट्रकवर टाकी चढवली आणि सभासदांच्या गावांना पाणी द्यायला काढलं. कपिलधारच्या धबधब्याच्या कड्यावरून त्या साली धूळ पडत होती, तिथं गावातल्या विहिरींचं काय घेऊन बसलात. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती. त्यामुळे टाकीत पाणी भरायच्या आधी टाकीवर चेअरमनचा फोटो लागला.

गेवराईकडच्या एका गावानं मागच्या निवडणुकीत चेअरमनच्या विरोधात मतं टाकली होती. नेमकं त्याच गावात माझ्या गाडीचं ऑइल प्रेशर पडायचं. तिथं इंजिन चालू ठेवून पंपानं गावाच्या उंच टाकीत पाणी चढवावं लागे. थोडं पाणी चढलं की मीटरचा काटा घसरायचा आणि लाल दिवा लागायचा. दिवा लागल्यावर इंजिन चालू ठेवणं म्हणजे त्याचा गळा दाबणं. तेल पोचलं नाही की बेअरिंगं जळतात आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. मग त्या गावालाच काय, कुठल्याच गावाला पाणी नाही. म्हणून मी इंजिन बंद करायचो आणि उरलेलं पाणी मागच्या तोटीनं खाली सोडायचो. उंच टाकीतलं पाणी नळानं सगळ्यांना सारखं मिळे; तोटीवर मात्र ज्याचं मनगट दांडगं त्याचा हंडा भरे. हंड्यांनी डोकी फुटत. एका म्हातारीचा हात मोडलेला मी पाहिला, आणि त्या म्हातारीनं दुसऱ्या हातानं मला दगड मारलेलाही पाहिला.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमननं दिव्याचा स्विच बदलला, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोलून गाळणी धुतली, वेगळं मीटर लावून पाहिलं. काटा ठणठणीत. तेल तेवढं मोजायच्या पट्टीच्या खालच्या खुणेला टेकलं होतं. मी आणखी तेल मागितलं तर म्हणाला, "खुणेवर हाय ना? बास झालं. गाडीत काई न्हाई, तुझ्याच डोक्यात बिघाड हाय."

पुढच्या खेपेला दिवा लागला, मी इंजिन बंद केलं, आणि त्या गावच्या दूध सोसायटीचा सचिव केबिनच्या दाराशी आला. अंगानं रेड्यासारखा माणूस.

"दिवा आमच्याच गावात कावून लागतो बे? चेअरमननं सांगितलंय का?"

"गाडीलाच इचारा," मी म्हणालो. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे.

त्यानं मला केसाला धरून खाली ओढलं. पहिल्या बुक्कीत दात गेला. मग कुणाच्या लाथा, कुणाच्या चपला, मोजायची सोयच नव्हती. मी गाडीच्या बाजूला पालथा पडलो. गाल तापलेल्या मातीवर, तोंडात रक्त, आणि डोळ्यांसमोर इंजिनाखालचं चेंबर. त्याच्या तळाला तेलाचा एक थेंब सुटला होता. तो खाली पडेना, चेंबरच्या तळावरून मागं मागं सरकत गेला.

तेव्हा उमगलं. शेवटचं पाणीसुद्धा तोटीशी यावं म्हणून ते गाव गाडीचं तोंड चढाला करायला लावायचं. चढावर चेंबरमधलं तेल मागं जाऊन साचायचं आणि पुढं बसवलेली गाळणी नुसती हवा ओढायची. बाकी सगळ्या गावांत गाडी सपाट उभी असे, वर्कशॉपमध्येही. मला मातीत तोंड असताना हसू फुटलं. हसतो म्हणून आणखी एक लाथ बसली.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता गाडी शाळेपुढच्या सपाटीवर लावली. काटा जागचा हलला नाही. टाकी भरली, नळ सुटले, कुणाचं डोकं फुटलं नाही. बरगड्या ठणकत होत्या, तरी मला फार बरं वाटलं.

सचिवानं माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी दुखत होती तिथं. "बघा. कालचा डोस लागू पडला."

सगळं गाव हसलं. संध्याकाळी फोरमनही तेच म्हणाला. मार मी गिळला असता, पण हे काही गिळवेना. मी बशीत तेल ओतून, बशी कलती करून लोकांना दाखवलं. "मग हे आदी कावून न्हाई सांगितलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मला कालपर्यंत माहीत नव्हतं, हे कुणाला पटेना.

माझं डोकं फिरलं. पुढच्या खेपेला मी सचिवाची कॉलर धरून त्याला केबिनमध्ये कोंबलं, गाडी मुद्दाम चढाला लावली, पंप सुरू केला आणि त्याचं मुंडकं मीटरवर दाबून धरलं. "आता बघ तुझ्या डोळ्यानं."

त्यानं पाहिलं. काटा घसरला, दिवा लागला. सचिवानं मान सोडवून घेतली आणि खिडकीतून गावाला ओरडून सांगितलं, "यानं पुन्ना लावला बे दिवा!"

या वेळी हातपंपाचा दांडा होता. कान तेव्हा गेला.

उरलेला उन्हाळा मी गाडी सपाटीवर लावली आणि तोंड मिटून ठेवलं. दिवा परत लागला नाही.

बऱ्याच वर्षांनी गेवराईच्या स्टँडवर चहा पिताना त्या गावचा एक जण शेजारी बसला. त्यानं मला ओळखलं नाही. दुष्काळाचा विषय निघाला तसं मोठ्या खुशीत सांगू लागला, "चेअरमनचा एक ड्रायव्हर व्हता. लई नाटकी. दोनदा धुतला तवा कुठं त्याची गाडी दुरुस्त झाली." तो डावीकडं बसला होता. मी वळून उजवा कान त्याच्याकडं केला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.